‘एवढे शिकवले, आणि आता ती घरी बसायचे म्हणते’

गेल्या तीन-चार वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या तोंडून एक वाक्य थोड्याफार फरकाने सारखे ऐकू येते: ‘मुलीला एवढे शिकवले, स्वतःच्या पायावर उभे केले, आणि आता तीच म्हणते की लग्नानंतर मला नोकरी करायची नाही, घर सांभाळायचे आहे, आमचे काही चुकले का?’ वीस वर्षांपूर्वी मी पुण्यात विवाहपूर्व समुपदेशनाचे काम सुरू केले, तेव्हा तक्रार बहुधा उलट दिशेने यायची. मुलीला नोकरी सोडायची नसे आणि सासरची माणसे तिला ती सोडायला सांगत. आता आईवडील नोकरीच्या बाजूने बोलतात आणि मुलगी चुलीच्या बाजूने, आणि मध्ये बसलेल्या समुपदेशकाला आपण नेमक्या कोणत्या काळात आहोत असा प्रश्न पडतो. पुढे ज्यांच्याविषयी लिहिले आहे, त्या दोन्ही घरांनी लिहिण्यास संमती दिली आहे. नावे, गावे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

शुभदाताई पहिल्यांदा एकट्या आल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, नीटनेटक्या आणि थोड्या घाईने बोलणाऱ्या. त्यांनी सोबत एक फाइल आणली होती आणि तीत मुलीच्या दहावीपासूनच्या गुणपत्रिका, अभियांत्रिकीची पदवी आणि पहिल्या नोकरीचे नेमणूकपत्र तारखांच्या क्रमाने लावलेले होते. माझ्यासमोर कुणी मुलीच्या वतीने पुरावा सादर करण्याची ती पहिलीच वेळ असावी. मुलगी मृण्मयी अठ्ठावीस वर्षांची, हिंजवडीतल्या एका कंपनीत. लग्न ठरले होते, साखरपुडा झाला होता, आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी जेवताना ती सहज म्हणाली होती, ‘लग्नानंतर वर्षभरात मी नोकरी सोडणार आहे, निखिलला सांगितलंय.’ शुभदाताईंनी त्या रात्री जेवण अर्धवट टाकले. ‘मी चौतीस वर्षे नोकरी केली ती काय हे ऐकण्यासाठी?’ असे त्यांनी मला दोनदा विचारले, आणि दोन्ही वेळा त्यांना उत्तर नको होते.

त्या बोरिवलीला राहत होत्या आणि शाखा फोर्टात होती. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल लोकल धावू लागली, तिच्याविषयी त्या अशा जिव्हाळ्याने बोलत होत्या, की जणू ती गाडी नसून माहेर होते. परतीच्या प्रवासात मटार सोलून व्हायचे, मेथी निवडून व्हायची, श्रावणात डब्यातच हळदीकुंकू व्हायचे, आणि स्टेशनवर उतरल्यावर पाळणाघराच्या दिशेने चालताना पाय आपोआप भरभर पडायचे. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. दमणुकीचा उल्लेख मी विचारल्याशिवाय आला नाही, आणि आला तेव्हाही ‘सगळ्याच बायका तेव्हा तसेच करायच्या’ एवढ्यावर संपला.

पुढच्या आठवड्यात मृण्मयी आली. तिचे म्हणणे तिने फार मोजक्या शब्दांत मांडले. ‘मला संसार करायचा आहे, मॅडम. नोकरी करून उरलेल्या वेळात नव्हे.’ तिला मुले हवी होती, आणि ती तिला स्वतः वाढवायची होती. संध्याकाळी घरात दिवा लागलेला असावा, जेवणाला सगळ्यांनी एकत्र बसावे, चैत्रात हळदीकुंकू करावे, गणपतीत पाच दिवस रजेचा अर्ज न करता घरात राहावे. तिच्या मैत्रिणींपैकी आणखी दोघींनाही हेच हवे होते, फक्त त्या घरी बोलायला धजत नव्हत्या. तिच्या फोनमध्ये अर्थातच ते सगळे व्हिडिओ होते. नऊवारी नेसून पाट्यावर चटणी वाटणारी, पितळेच्या डब्यांवरून हात फिरवणारी, मंद संगीतात कणीक मळणारी तरुणी. शुभदाताईंना वाटत होते की सगळे खूळ तिथूनच आले.

इथे मी चूक केली, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मृण्मयीचे काम अमेरिकेतल्या ग्राहकाशी जोडलेले असल्यामुळे रात्री साडेदहाची बैठक नेहमीची होती, महिन्यातला एक आठवडा रात्री-अपरात्री फोन आला तर उठावे लागे, डोके वरचेवर दुखत असे. मी मनातल्या मनात निदान करून मोकळी झाले, की हा नोकरीचा शीण आहे आणि मुलीने त्याला परंपरेचे नाव दिले आहे. मी तिला सुचवले की कोणताही निर्णय घेण्याआधी तीन आठवडे रजा घ्यावी, झोप पूर्ण करावी आणि मग बोलावे. तिने प्रामाणिकपणे रजा घेतली. परत आली तेव्हा डोकेदुखी थांबली होती, चेहरा उजळला होता, आणि इच्छा होती तिथेच होती. ‘तुम्ही माझं म्हणणं आजारासारखं तपासलंत,’ ती म्हणाली, रागावून नव्हे. मी ते वाक्य त्या दिवशीच्या टिपणात लिहून ठेवले आहे.

आमच्या व्यवसायात अशा मुलींकडे पाहण्याचे दोन तयार चष्मे आहेत. एकातून ती थकलेली दिसते, दुसऱ्यातून मागे वळलेली. बाहेरच्या जगात तिसरा चष्मा मिळतो, ज्यातून ती थेट संस्कृतिरक्षक दिसू लागते आणि तिच्या नावाने टाळ्या पडतात. तिन्हींमध्ये तिला स्वतःला काय हवे आहे, हे विचारायचे राहून जाते. माझे मत असे झाले आहे की घर सांभाळण्याची इच्छा ही नोकरी करण्याच्या इच्छेइतकीच साधी आणि इभ्रतदार असू शकते. मात्र ‘परंपरा’ हा शब्द कानावर पडला की समुपदेशकाने त्याची पुरचुंडी सोडून आत काय काय बांधले आहे ते पाहिलेच पाहिजे, कारण त्यात बहुधा चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र गुंडाळलेल्या असतात आणि त्यांतल्या एकीचा दुसरीशी संबंधच नसतो.

मी दोघांनाही, म्हणजे मृण्मयीला आणि निखिलला, एकमेकांना न दाखवता एक पान लिहायला सांगितले. पाच वर्षांनंतरचा एक साधा मंगळवार, सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत. सणाचा दिवस नको, वाढदिवस नको, मंगळवार. संसार मंगळवारी कसा चालतो त्यावर पुष्कळ अवलंबून असते, आणि लग्न ठरलेली मुले बहुधा फक्त रविवारची आणि दिवाळीची कल्पना करून बसलेली असतात.

मृण्मयीचे पान अपेक्षेप्रमाणे भरगच्च होते. मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवणे, भाजी, स्वयंपाक, दुपारी तासभर वाचन, संध्याकाळी मुलाबरोबर बाग, साडेआठला जेवण. त्यात एकच गोष्ट कुठे नव्हती, ती म्हणजे पैसा. भाजी आणली होती, पण पैसे कोणाच्या खिशातून गेले ते लिहिलेले नव्हते. निखिलचे पान वाचून मात्र मी थोडा वेळ गप्प बसले. त्याच्या मंगळवारात मृण्मयी सकाळी नऊ वाजता कामाला जात होती.

निखिल तिशीचा, कऱ्हाडजवळच्या गावातला, चाकणच्या कारखान्यात अभियंता. सकाळी सातला कंपनीच्या बसने जाणारा आणि रात्री आठला परतणारा. मृण्मयीने नोकरी सोडण्याविषयी सांगितले तेव्हा तो लगेच ‘हो’ म्हणाला होता, कारण नाही कसे म्हणायचे हे त्याला कळले नव्हते आणि खरे म्हणजे ऐकून त्याला बरेही वाटले होते. पण वाकडला दोन खोल्यांचे घर घेण्याचे ठरत होते, वीस वर्षांचा हप्ता होता, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याच्या डोक्यात एकच विचार फिरत होता. ‘माझी नोकरी गेली तर?’ हे वाक्य त्याने माझ्यासमोर इतक्या हळू आवाजात म्हटले, की मला ते पुन्हा विचारावे लागले. ‘पुरुषानं हे बोलायचं नसतं ना, मॅडम,’ असे तो पुढे म्हणाला. ‘मी स्वतःला पारंपरिक समजत होतो. पण ते सणासुदीपुरतंच निघालं.’

जुन्या भूमिकांकडे परत जाण्याची चर्चा जवळजवळ नेहमी बाईच्या भूमिकेपुरती होते. पाट्यावर चटणी वाटणारीचे व्हिडिओ निघतात. एकट्याच्या पगारावर सहा माणसे सांभाळणाऱ्या, छातीत दुखले तरी सुट्टी न घेणाऱ्या आणि भीती वाटते हे कुणालाही न सांगणाऱ्या पुरुषाचा व्हिडिओ कुणी काढत नाही, कारण त्यात पाहण्यासारखे काही नसते. मुलीने अर्धी परंपरा निवडली की उरलेली अर्धी मुलाच्या डोक्यावर आपोआप येऊन बसते, आणि ती त्याला पेलायची आहे का हे कोणी विचारलेले नसते. मृण्मयीने निखिलचे पान वाचले तेव्हा ती दुखावली गेली. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘तू मला हे आधी का नाही सांगितलंस?’ त्यावर त्याने दिलेले उत्तर मला फार खरे वाटले: ‘तुला हो म्हणताना मी बाबांसारखा दिसत होतो.’

यानंतर दोन्ही घरांची एकत्र बैठक घेतली. अशा बैठकीत मी भिंतीवर मोठा कागद लावून तीन पिढ्यांची वंशावळ काढते, आणि प्रत्येक स्त्रीच्या नावाखाली ती दिवसभर काय काम करत असे आणि हातात येणारे पैसे कोण ठेवत असे, एवढे दोनच प्रश्न लिहिते. मृण्मयीची आईकडची आजी संगमेश्वर तालुक्यातली. आजोबा मुंबईत, महिन्याला मनीऑर्डर. गावाकडची भाताची लावणी, कापणी, गुरे, सासू आणि चार मुले हे सगळे आजीकडे. वडिलांकडची आजी लालबागच्या चाळीतली. गिरणीतल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांना ती दोन वेळचे जेवण घालत असे, आणि जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू होऊन आजोबांचा पगार थांबला, तेव्हा घर चालले ते तिच्या खानावळीच्या उरल्यासुरल्या पैशांवर आणि नंतर शेजारच्या उपाहारगृहाला पोळ्या लाटून देण्यावर. निखिलच्या आईची बाजू निखिल सांगू लागला, की आई घरीच असते. त्या कऱ्हाडहून खास या बैठकीसाठी आल्या होत्या, आणि तोवर पदराची किनार चाचपत शांत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून विचारले, ‘घरी बसायचं म्हंजे? मी कवा बसले, ते तरी सांग.’

मग त्यांनीच सांगितले. पहाटे दोन म्हशींचे दूध, उसाची खुरपणी, रोजंदारीवरच्या बायकांची हजेरी, आणि डेअरीचे दर दहा दिवसांचे बिल. ते बिल त्यांच्या हातात येई, निखिलच्या वडिलांच्या नव्हे. निखिलच्या अभियांत्रिकीची पहिली दोन वर्षांची फी त्या दुधातून गेली होती. हे निखिलला ठाऊक नव्हते. त्याला वाटत होते की फी उसाच्या बिलातून भरली.

मृण्मयी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. ‘म्हणजे घरी राहणारी एकही बाई आमच्यात नव्हती,’ ती म्हणाली, ‘मग मी ज्याला परंपरा म्हणतेय ती आहे तरी कुणाची?’ प्रश्न चांगला होता आणि मी त्याचे उत्तर सोपे करून दिले नाही. केवळ घर सांभाळणारी, कमाईशी संबंध नसलेली गृहिणी ही महाराष्ट्रात प्रामुख्याने पगारदार पांढरपेशा घरांतली गोष्ट होती. कुणबी, कोळी, माळी, कामगार या घरांतल्या स्त्रिया शेतात, बाजारात, कारखान्यात होत्याच. कोळणीच्या हातातली पैशांची पिशवी पाहिलेल्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको. पण एखादी इच्छा आपल्या आजीच्या आयुष्यात नव्हती म्हणून ती खोटी ठरत नाही, हेही मी तिला सांगितले. तिला फक्त आजीचे नाव पुढे करता येणार नव्हते; इच्छा स्वतःची म्हणून मांडावी लागणार होती.

आणि मग त्या कागदावर शुभदाताईंच्या नावाची पाळी आली. त्यांनी ‘बँक, ३४ वर्षे’ असे सांगितले आणि पेन खाली ठेवायला सांगितले. मृण्मयी म्हणाली, ‘आणि घर?’ शुभदाताई म्हणाल्या, ‘ते तर होतंच.’ त्या तीन शब्दांवर आम्ही जवळजवळ तासभर थांबलो.

मृण्मयीला आठवत होते ते पाळणाघर. संध्याकाळी एकेक मूल निघून जाई, काकू उरलेल्या चपला एका कडेला सारून झाडू फिरवू लागत, आणि शेवटची चपलांची जोडी तिची असे. तिने हे आईला आयुष्यात पहिल्यांदा सांगितले. शुभदाताईंचा चेहरा उतरला, आणि काही क्षण त्या चिडणार असे मला वाटले, कारण अशा वेळी आईला ते आरोपपत्रच वाटते. पण त्या वेगळेच काही बोलल्या. त्यांना दोन वेळा बढती मिळाली होती, आणि दोन्ही वेळा त्यांनी ती नाकारली होती, कारण बढतीबरोबर मुंबईबाहेर बदली होती आणि मृण्मयी एकदा चार वर्षांची आणि एकदा नववीत होती. त्यांच्याबरोबर लागलेल्या मैत्रिणी मुख्य व्यवस्थापक होऊन निवृत्त झाल्या. त्या ज्या पदावर लागल्या त्याच्या फक्त एक पायरी वर पोचल्या. हे त्यांनी घरात कुणालाही सांगितले नव्हते. त्यांच्या यजमानांनाही दुसऱ्या वेळचे ठाऊक नव्हते. ते बिचारे कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाले, ‘मी भाजी आणत होतो,’ आणि त्यावर दोघी मायलेकी एकदम हसल्या, पण ते हसू फार गोड नव्हते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तीत आढळले. शिवाय घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच शंभरात सुमारे २६ होते आणि स्त्रियांचे सुमारे ८१. हे आकडे मी त्या दिवशी कागदाच्या कोपऱ्यात लिहिले, कारण शुभदाताईंच्या ‘ते तर होतंच’ची मिनिटांतली किंमत त्यांत होती. त्यांनी आकडे बँकेच्या सवयीने दोनदा वाचले. मृण्मयी म्हणाली, ‘आई, मला तुझी नोकरी नको होती असं नाही. मला तुझं दोन्हीकडे धावणं नकोय.’

पालकांनी विचारलेल्या ‘आमचे काय चुकले’ या प्रश्नाचे माझ्यापाशी असलेले उत्तर पुष्कळसे या वाक्यात आहे. आधीच्या पिढीने मुलींना घराबाहेरचे दार उघडून दिले, पण घरातली पाच तासांची पाळी तशीच ठेवून. मुली ती पाळी पाहत मोठ्या झाल्या. आपल्या आया काय मिळवत आहेत यापेक्षा त्या कधीच बसत नाहीत, हे मुलींच्या मनावर अधिक खोल उमटले. त्यांतल्या काही जणी आता म्हणतात की दोन्ही पाळ्या करणार नाही, एकच करीन, आणि ती घरातली करीन. याला आयांच्या कष्टांचा अपमान समजणे सोपे आहे. मला मात्र त्यात त्या कष्टांचा फार बारकाईने केलेला हिशेब दिसतो. मुलगा बाहेरची पाळी तेवढी करतो आणि त्याला कुणी कारण विचारत नाही, ही बाब अलाहिदा.

मात्र प्रत्येक प्रकरण असे नसते, हेही सांगितले पाहिजे. गेल्याच वर्षी एका मुलाने मला सांगितले की त्याला ‘घर धरून राहणारी’ मुलगी हवी आहे, पण घराचे कर्ज फिटेपर्यंत तिने नोकरी करावी आणि पगार एकत्र खात्यात जमा करावा. ठरलेल्या मुलीने मान डोलावली होती. तिच्या हातातला रुमाल मात्र पिळून निघाला होता. तिथे मी वंशावळ वगैरे काढत बसले नाही. मुलीला एकटीला बोलावून तीन प्रश्न विचारले: हे तुला हवे आहे की त्यांना, नको म्हटलेस तर काय होईल, आणि तुझ्या नावावर काय आहे. पहिल्या प्रश्नाला ती रडली, दुसऱ्याला गप्प राहिली. ते लग्न झाले नाही. इच्छा जिची आहे तिच्या तोंडून, कुणी खोलीत नसताना, दोनदा ऐकल्याशिवाय मी तिला इच्छा म्हणत नाही.

मृण्मयी आणि निखिलची उरलेली गाठ पैशांची होती, आणि ती सोडवताना निखिल अवघडला. लग्नाआधी अशी बोलणी म्हणजे व्यवहार वाटतो, असे तो म्हणाला. मी त्याला आठवण करून दिली की आपल्याकडे लग्नाआधी याद्या होतातच. दोन्हीकडची वडीलधारी माणसे बसून कोण काय करणार ते कागदावर लिहून, खाली सह्या करून, साखर वाटून उठत. त्या याद्यांत मानपान असे, आणि पुष्कळदा १९६१ च्या कायद्याने बंद झालेला हुंडाही वेगळ्या नावाने असे. फक्त ज्या दोघांना संसार करायचा आहे त्यांच्याविषयी एक ओळ नसे. शिवाय मृण्मयीला सगळे विधी अर्थासह समजावून सांगणारे गुरुजी हवे होते. त्याच विधींत वर ‘धर्मे च अर्थे च कामे च नातिचरामि’ असे वचन देतो आणि त्यातला ‘अर्थ’ पैशांचाच असतो. सप्तपदीतले तिसरे पाऊल संपत्तीच्या पोषणाचे आणि सातवे सख्याचे. विधी हवा आणि त्यातला व्यवहार नको, असे म्हणणे मला जमत नाही. निखिल हसला. मृण्मयीने वहीचे पान फाडले आणि वर ‘आमची यादी’ असे लिहिले.

यादी दीड पानाची झाली. घराच्या करारनाम्यावर दोघांची नावे. कर्जावर सहकर्जदार म्हणून नाव असणे आणि मालक म्हणून नाव असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे शुभदाताईंनी बँकेच्या अनुभवातून चांगले तासून सांगितले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्या या चर्चेत विरोधक म्हणून नव्हे तर जाणकार म्हणून बोलल्या. नोकरी लग्नानंतर लगेच न सोडता आठ महिने चालू ठेवायची आणि तो सगळा पगार बाजूला ठेवायचा, म्हणजे निखिलची रात्रीची भीती थोडी कमी होईल. नोकरी सुटल्यावर हप्ता ज्या तारखेला कापला जातो त्याच तारखेला ठरलेली रक्कम मृण्मयीच्या स्वतःच्या खात्यात जाईल. ती घरखर्चाची नव्हे, तिची. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून त्याआधीच स्वतंत्र विमा घ्यायचा. लग्नानंतर निखिलने आयुर्विमा घेताना तो १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्यायचा, म्हणजे पुढे काही बरेवाईट झाले तर ती रक्कम पत्नीची राहते, सावकारांना तिला हात लावता येत नाही. हा कागद न्यायालयात बांधील ठरणारा करार नाही, हे मी दोघांना स्पष्ट सांगितले होते. तरीही ते लिहून ठेवावे, असे माझे मत आहे. लिहिताना माणसाला जे विचारावे लागते ते बोलताना निसटून जाते.

एका मुद्द्यावर थोडी खडाखडी झाली. खात्यात जाणाऱ्या रकमेला काय म्हणायचे? निखिलने ‘खर्चायला’ असे लिहिले होते, मृण्मयीने ते खोडले. ‘पगार’ हा शब्द तिलाही नको होता, कारण मग तो मालक ठरला असता. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघातातल्या भरपाईचा निकाल देताना गृहिणीच्या कामाचे आर्थिक मोल धरले पाहिजे, असे सांगितले आणि त्यात याच २०१९ च्या पाहणीतले आकडे उद्धृत केले, हे मी त्यांना सांगितले. पण तिथेही ते मोल बाई गेल्यावर मोजले गेले, हे मृण्मयीच्या लगेच लक्षात आले. अखेर निखिलच्या आईने तोडगा काढला. ‘दुधाचं बिल म्हना,’ त्या म्हणाल्या. यादीत आजही तोच शब्द आहे.

हा कागद वर्षातून एकदा पुन्हा काढून पाहायचा असे ठरले, आणि दिवस मृण्मयीने निवडला: दिवाळीतला पाडवा. त्या दिवशी बायको नवऱ्याला ओवाळते, तो ओवाळणी घालतो, आणि व्यापारी नव्या वह्या उघडतात. तेव्हा हिशेबाला तोच दिवस बरा, असे तिचे म्हणणे होते. लग्न फेब्रुवारीत झाले. ठरल्याप्रमाणे तिने पुढच्या ऑक्टोबरात नोकरी सोडली.

पहिल्या वर्षी सगळे मंगळवार तिच्या पानासारखे गेले नाहीत. दुपारच्या एकटेपणाचा तिला अंदाज नव्हता. सोसायटीत तिच्या वयाची मुलगी दिवसा भेटणे अवघड, आणि चार वाजता घड्याळ पुढे सरकत नाही, असे तिने मला एकदा फोनवर सांगितले. शुभदाताई सुरुवातीला मुद्दाम जात नव्हत्या. मग मंगळवारी जाऊ लागल्या. निखिलच्या आईंनी शिकवलेले पुरण मृण्मयी आता आईला शिकवते, कारण शुभदाताईंना नोकरीच्या वर्षांत पुरणपोळी विकतच आणावी लागली होती आणि त्यांच्या आईचे हात त्यांना शिकता आले नव्हते.

गेल्या पाडव्याला मृण्मयीने यादीचा फोटो मला पाठवला. रक्कम वाढवलेली होती, जुना आकडा एका रेघेने खोडून. ‘नोकरी’ या ओळीपुढे तिच्या अक्षरात ‘मूल तीन वर्षांचे झाल्यावर पुन्हा बोलणे’ असे लिहिले होते, आणि मूल अजून यायचे होते. सगळ्यात खाली वेगळ्या पेनाने, निखिलच्या तिरप्या अक्षरात एक नवी ओळ होती: ‘रविवारचा दोन्ही वेळचा स्वयंपाक मी. आईला सांगितले आहे.’